पेशंटची खुर्ची

"पेशंट कौन है?" डॉक्टरांनी विचारले आणि अनंतरावांनी सवयीने हात वर केला.

नुसता हातच वर गेला नाही, चेहराही तयार झाला. किंचित दमलेला, पण सोसण्याची तयारी असलेला असा तो चेहरा होता, आणि तो असा जमायला बरीच वर्षे गेली होती.

"आप नहीं, अंकल. माताजी."

अनंतरावांनी मागे वळून पाहिले. मागे एखादी माताजी उभी असावी अशी त्यांना आशा होती. मागे दार होते आणि दाराला टांगलेला पांढरा कोट. शेजारच्या खुर्चीत मात्र त्यांची बायको विनोदिनीबाई बसल्या होत्या. मनगटाला पट्टी बांधलेली, मांडीवर रेक्झिनची पिशवी. पिशवीत अनंतरावांचे रिपोर्ट होते, अनंतरावांची पाण्याची बाटली होती, अनंतरावांची जिभेखाली ठेवायची गोळी होती, आणि अनंतरावांना मध्येच भूक लागली तर म्हणून मारी बिस्किटे होती.

"इनको कुछ नहीं है, डॉक्टरसाब. पेशंट तो मैं हूँ," अनंतराव म्हणाले.

"आपका तो सब बढ़िया है," डॉक्टर म्हणाले.

हे वाक्य कुणी आपल्याला इतक्या बेफिकिरीने ऐकवेल, असे अनंतरावांना वाटले नव्हते.

घडले होते ते असे. आदल्या दिवशी अनंतरावांची वर्षाची तपासणी होती. लिफ्टवर 'केवल मरीज़ों के लिए' अशी पाटी होती. विनोदिनीबाईंनी नवऱ्याला लिफ्टमध्ये नीट उभे केले आणि स्वतः पिशवी घेऊन जिन्याने निघाल्या. मधल्या वळणावर त्या खाली बसल्या त्या बसल्याच. घामाने पोलके भिजले होते. तिकडून जाणाऱ्या एका नर्सने त्यांना पाहिले आणि सरळ आत नेऊन छातीला तारा लावल्या. अनंतरावांना हे कळले तेव्हा ते थोडे नाराजच झाले. तपासणी त्यांची होती. आज सकाळी मनगटातून अँजिओग्राफी झाली, आणि आता टेबलावरच्या पडद्यावर विनोदिनीबाईंच्या हृदयाचा काळापांढरा सिनेमा चालू होता.

"ये देखिए. ये, ये और ये," डॉक्टर पेन फिरवत म्हणाले. "तीनों नसें. पहले कभी तकलीफ नहीं हुई?"

"तकलीफ तो मुझे थी," अनंतराव म्हणाले.

"गैस होती थी," विनोदिनीबाई हळूच म्हणाल्या. "सीढ़ी चढ़ो तो साँस फूलती थी, जबड़ा दुखता था. अजवाइन खा लेती थी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "और शुगर कब से है?"

"शुगर?" नवराबायको एकदमच म्हणाले. इतके एकदम ते लग्नाच्या मंगलाष्टकांनंतर प्रथमच काही करत असावेत.

*

मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळे निघाले तेव्हा भोपाळच्या कचेरीतली काही कपाटे, काही पंखे, बरेच टाइपरायटर आणि अनंतराव एवढा माल रायपूरच्या वाट्याला आला. कपाटे लवकरच गंजली. अनंतराव टिकले. त्यांनी बुढापारा नावाच्या मोहल्ल्यात घर घेतले, आणि नवी राजधानी जरा बाळसे धरते न धरते तोच कचेरीत त्यांच्या छातीत दुखू लागले. रायपूरच्या मराठी माणसाला काही मोठे झाले की तो नागपूरला जातो, तसे तेही गेले. तिथल्या डॉक्टरांनी एका अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवले.

त्या स्प्रिंगबरोबर घरात एक राज्यकारभार आला. गोल बाजारातून एक वेताची आरामखुर्ची आली आणि खिडकीपाशी विराजमान झाली. तिला घरात पेशंटची खुर्ची म्हणत. तिच्यात दुसरे कुणी बसत नसे. जेवणात मीठ नाही, तेल नाही, तूप तर औषधाला नाही. आणि या सगळ्यांवर एक मोठा हुकूम होता: "जे मले खाता येत नाही, ते माह्यासमोर दिसाले नको. दिसलं की माह्यं मन खचते."

पण अन्न काय हुकूम विचारून येत नाही. तीजच्या सणाला शेजारणी तळलेली ठेठरी आणि गोड खुरमी आणून देत. नागपूरहून नणंद डब्यात लाडू पाठवी. पेशंटला पाहायला येणारे लोक तर हटकून मिठाईचे पुडे घेऊन येत, कारण पेशंटकडे रिकाम्या हाताने जाऊ नये. मुलगा शेखर सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात शिफ्टवर असे आणि तिथल्या कँटीनमध्येच जेवी. अन्न टाकून देणे हे त्या घरात पाप होते, आणि अनंतरावांच्या नजरेस पडू देणे त्याहून मोठे. मग उरले कोण? विनोदिनीबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभ्या राहून, वासही बाहेर जाऊ नये अशा बेताने, ते सगळे संपवत. नवऱ्याच्या तब्येतीसाठी त्यांनी इतके लाडू खाल्ले की दुसरी कुणी बाई उपास करून एवढी झिजली नसती.

रक्तातली साखर तपासायला लॅबवाला राकेश दर महिन्याला येई. अनंतराव खुर्चीत बसून बोट पुढे करत, तो टोचून थेंब घेई, विनोदिनीबाई त्याला चहा देत. चहा देणाऱ्या हाताचे बोट कुणी कधी धरले नाही. घरात छाती एकच होती. अनंतरावांना दुखले तर ती छाती, विनोदिनीबाईंना दुखले तर तो गॅस.

या राज्यकारभाराला एकच विरोधी पक्ष होता, आणि तो रोज सकाळी बुढा तलावाच्या काठी भेटे. त्याचे नाव दिवाकर. भोपाळपासूनचा कचेरीतला सोबती. त्याची बायपास झाली होती. फिरायला येणाऱ्या म्हाताऱ्यांत त्यामुळे दोन तट पडले होते. दिवाकरराव बोलता बोलता सदऱ्याची वरची दोन बटणे काढून छातीवरचा लांबलचक व्रण दाखवत, आणि सभा जिंकत. अनंतरावांची पंचाईत अशी की नागपूरच्या डॉक्टरांनी तार घातली होती ती जांघेतून. ती जागा तलावाच्या काठी दाखवण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांना सगळी भिस्त वाणीवर ठेवावी लागे.

"नळ चोंदला म्हणून कोणी भिंत पाडते का?" ते म्हणत. "तार घातली, साफ केला, झालं. तीन दिवसात घरी. तुह्यी बायपास म्हणजे नुसती तोडफोड आहे, दिवाकर."

"तुह्यी स्प्रिंग म्हणजे ठिगळ आहे, ठिगळ," दिवाकरराव म्हणत. "अन् ते बी कुठं लावलं, सांगता येत नाही तुले."

घरी येऊन अनंतराव हे सारे भाषण पुन्हा एकदा, विरोधकांची वाक्ये वगळून, विनोदिनीबाईंना ऐकवत. वर्षानुवर्षे. त्या पोळ्या लाटता लाटता ऐकत.

*

डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या. अंकलचा अडथळा एक आणि छोटा होता, त्याला स्प्रिंग ठीक. माताजींच्या तिन्ही वाहिन्या जागोजागी आवळलेल्या, त्यात साखर. स्प्रिंगा घालता येतील, एकीपुढे एक. मनगटातूनच जायचे, दोन-तीन दिवसांत घरी. पण अशा पेशंटमध्ये त्या पुन्हा बंद पडायची, पुन्हा येऊन करून घ्यायची भीती जास्त. बायपासला छातीचे हाड उघडावे लागेल, पायातली शीर काढून नवा रस्ता करून द्यावा लागेल. धोका सुरुवातीला जास्त, त्रासही जास्त. पण एकदा त्यातून निघाले की अशा दुखण्यात दूरवर नेते ते तेच.

"मेरी माँ होती, तो मैं बायपास ही कहता," डॉक्टर म्हणाले.

"ठीक होने में कितना?" विनोदिनीबाईंनी विचारले.

"दो-तीन महीने तो वज़न बिल्कुल नहीं उठाना. बाल्टी नहीं, कुकर नहीं. झाड़ू-पोंछा नहीं."

"रोटी?"

"शुरू में रोटी भी कोई और बेलेगा, माताजी."

विनोदिनीबाईंनी पिशवीचा बंद आवळला. एवढा वेळ त्या दुसऱ्याच कुणाच्या रिपोर्टकडे पाहावे तशा पाहत होत्या. आता त्यांनी ठरवल्यासारखे सांगितले, "तो मेरे को वही कर दीजिए, जो इनको किया था."

डॉक्टरांनी अनंतरावांकडे पाहिले. अनंतरावांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, अँजिओप्लास्टीची बाजू घेतली नाही. पडद्यावरचे हृदय आखडत होते, सैल होत होते, आणि ते आपल्या घरात इतकी वर्षे चालू होते हे त्यांना पटत नव्हते.

घरी आल्यावर शेखर तडकला. "आई, डॉक्टर बायपास बोल रहे हैं ना? मग काहून नाही म्हणून राहिली तू?"

"तू गप रे, पोट्ट्या. छाती कोणाची आहे, तुह्यी का माह्यी?"

"अवो, पण डॉक्टर म्हणून राहिले तं..." अनंतरावांनी खुर्चीतून सुरुवात केली.

"डॉक्टर म्हणून राहिले? अन् तुम्ही काय म्हणत होते आजवर? नळ चोंदला म्हणून कोणी भिंत पाडते का? मी काय बहिरी होती?"

आपले वाक्य इतके चांगले आहे हे अनंतरावांना ठाऊक होते, पण ते असे चालून येईल हे ठाऊक नव्हते.

"तीन महिने, म्हणे," विनोदिनीबाई कणीक मळता मळता पुटपुटल्या. "ह्यांचं बिनमिठाचं कोण करन तीन महिने?"

"डबा लावू न," अनंतराव म्हणाले.

"डब्यातलं तेल चालते तुम्हाले?"

चालत नव्हते. बाहेरच्या तेलाचा एक थेंब पोटात गेला तर आपण राहत नाही, हे त्यांनी स्वतःच घरादाराला, पाहुण्यांना आणि एकदा तर रेल्वेतल्या अनोळखी प्रवाशाला बजावले होते. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की चालेल?

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अनंतराव तलावावर गेले ते सभेला न जाता सरळ दिवाकररावांच्या बाकाकडे गेले.

"दिवाकर, तू जिंकला बाप्पा," ते म्हणाले. "बायपास चांगली. घरी येऊन सांग."

दिवाकररावांचा हात सवयीने बटणाकडे गेला. "काहून, तुह्यी स्प्रिंग खचली का?"

"माह्यी नाही. विनोदिनीची. तिन्ही नसा. मी काही ओळखलंच नाही रे. ती म्हणे गॅस आहे, मी म्हणो गॅस आहे."

दिवाकररावांनी बटणावरचा हात काढून घेतला. एवढी मोठी सभा आयती जिंकून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. ते पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "चाल."

घरी अनंतराव आपल्या खुर्चीत बसले, दिवाकरराव समोरच्या स्टुलावर. शेखर रात्रपाळी करून आलेला, तो दाराशी टेकून उभा राहिला. विनोदिनीबाई चहा घेऊन आल्या.

"वहिनी, मी तुम्हाले दाखवतो," दिवाकरराव म्हणाले. "भेवासारखं काही नसते त्यात."

"राहू द्या जी, भाऊजी. साऱ्या तलावानं पाहून झालं ते," विनोदिनीबाई म्हणाल्या. शेखर हसला. त्या पण थोड्या हसल्या, आणि मग कप पुढे करत म्हणाल्या, "मले भेव नाही वाटत. मी बाळंतपण सोसलं आहे. मले एवढंच सांगा, तुमच्या वक्ती तीन महिने सगळं कमलावहिनीनं केलं न? पथ्यपाणी, अंगपुसणं?"

"हव. तिनंच केलं."

"तेच म्हणते मी. तुम्हाले वहिनी होत्या. इथं कोण आहे?"

दिवाकररावांनी कप हातात घेतला, पण प्याले नाहीत. त्यांच्या बायकोला, कमलाबाईंना, जाऊन चार-पाच वर्षे झाली होती. अचानक गेल्या, एवढेच सगळ्यांना माहीत होते. बायपासची गोष्ट दिवाकरराव हजारदा सांगत, ही गोष्ट कधी सांगत नसत.

"तिले बी गॅसच होता, वहिनी," ते म्हणाले. "ओवा खाये. जिना चढली की बसे. मी म्हणो, वजन कमी कर. मी तं बायपासवाला माणूस, मले सगळं समजे न." ते थांबले. "त्या दिवशी सकाळी तिनं माह्यासाठी दलिया मांडला होता. मी अनंतरावासारखाच, खुर्चीत. पेपर वाचून राहिलो होतो. आतमंधी काही पडलं. मी तिथूनच आवाज दिला, काय पाडलं वो? बोलली नाही. मले वाटलं रुसली. मी पेपर वाचत राहिलो."

त्यांनी भरलेला कप तसाच खाली ठेवला.

"जळका वास आला, तवा उठलो," दिवाकरराव म्हणाले.

अनंतरावांच्या हाताखाली वेताची खुर्ची करकरली. त्यांना एकदम जाणवले, की या खुर्चीतून स्वयंपाकघराचे दार दिसते, आतली बाई दिसत नाही. इतकी वर्षे त्यांनी आतून फक्त आवाज ऐकले होते. लाटण्याचे, भांड्यांचे, आणि मधूनमधून उगाच थांबलेले. त्या थांबण्यांचे काय होत होते, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

"आई," शेखर म्हणाला. तो दार सोडून तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

विनोदिनीबाईंनी पदराने तोंड पुसले. मग त्यांनी विचारले, "भाऊजी, या दोन्हीतलं जास्त दिवस टिकते कोणतं?"

"तुमच्या दुखण्यात? बायपास. डॉक्टर तेच सांगून राहिले न."

"मंग तेच करू द्या," त्या म्हणाल्या. "तीन महिने ह्यांचे हाल होतील तं होतील. पुढं तं मले करता येईन न ह्यांचं."

एवढे बोलून त्या कप उचलून आत गेल्या.

अनंतरावांना हवे होते तेच झाले होते. त्यांनी आनंदाने दिवाकररावांकडे पाहायला हवे होते. पण वीज पडलेल्या माणसासारखे ते नुसते बसून राहिले. छातीचे हाड कापून घ्यायला बाई तयार झाली होती, आणि तेही त्यांच्या बिनमिठाच्या भाजीसाठी. दुसरे काही कारण तिला सुचलेसुद्धा नव्हते. आणि ते तिला सुचावे असे त्यांनी काय केले होते, हे आठवायला बसले तर त्यांना खुर्ची आठवे.

*

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर खूप माणसे बसली होती. दुपार उलटून गेल्यावर दार उघडले आणि नर्सने विनोदिनीबाईंचे नाव घेऊन विचारले, "पेशंट के साथ कौन है?"

अनंतरावांचा हात जागचा हलला नाही. नर्सने पुन्हा विचारले. शेखरने त्यांच्या दंडाला हात लावला. "बाबा, आप हो."

"मी?" अनंतराव म्हणाले, आणि उठले. चेहरा तयार करायला वेळ मिळाला नाही. जो होता तोच घेऊन ते गेले.

काचेच्या पलीकडे नळ्यांच्या गर्दीत विनोदिनीबाई निजल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, सब ठीक है. अनंतरावांनी मान डोलावली आणि मग भिंतीला धरून खालीच बसले. नर्सला वाटले, यांनाच काही झाले. धावत येऊन तिने त्यांची नाडी पाहिली. नाडी उत्तम होती.

घरी आल्यावर स्वयंपाकाला शेवंताबाई येऊ लागल्या. त्या भाजीत तेल घालत, मीठ घालत, आणि सांगितले तर हो म्हणून पुन्हा घालत. अनंतराव ते खात आणि काही होत नसे. याचाही त्यांना एक धक्काच बसला, पण आता धक्क्यांची सवय होत चालली होती.

मिठाईचे पुडे पुन्हा येऊ लागले. आलेले लोक सवयीने खिडकीकडे वळून अनंतरावांनाच विचारत, "कशी आहे तब्येत?" अनंतराव म्हणत, "तिले विचारा." विनोदिनीबाईंच्या छातीवर दिवाकररावांसारखाच व्रण होता, पण त्यांनी पदर पिनेने खांद्याशी घट्ट बसवला होता. त्यांचा व्रण कुणा सभेसाठी नव्हता.

महिना भरल्यावर राकेश आला. बॅग उघडून त्याने सवयीने अनंतरावांसमोर स्टूल ओढले.

"आज पहले इनका," अनंतराव म्हणाले, आणि खुर्चीतून उठले. "बस वो इथं."

"मी कशाले? मी बसते की पाटावर."

"बस म्हणतो न."

विनोदिनीबाई वेताच्या खुर्चीत बसल्या. टेकल्या नाहीत. आत कुकर लावलेला असावा आणि कधीही शिटी होईल, अशा त्या अगदी कडेवर बसल्या. त्यांनी हात पुढे केला. राकेशने बोट पुसले, टोचले आणि दाबले.

काही आले नाही.

"माताजी, उँगली बहुत कड़क है," तो म्हणाला. त्याने दुसरे बोट धरले. टोचले. तिथेही नुसता पांढरा ठिपका उमटला.

"तवे का है, भैया," विनोदिनीबाई ओशाळून म्हणाल्या, जणू त्याचा खोळंबा त्यांनीच केला होता. "इधर से देखो, इधर से आएगा." त्यांनी करंगळी पुढे केली.

करंगळीतून थेंब आला. छोटासाच.

मग राकेशने अनंतरावांचे बोट हातात घेतले. ते अगदी मऊ होते. सुई टेकते न टेकते तोच रक्त आले, आणि पुसले तरी बराच वेळ येत राहिले.